टीव्हीला काय, कुठे, कसं जोडायचं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळी टीव्हीला इतर उपकरणं जोडण्याबद्दलचे प्रश्न घेतले आहेत. मेनूतली नावं कंपनीगणिक बदलतात, म्हणून जमेल तिथे एकापेक्षा जास्त नावं दिली आहेत. एक गोष्ट मात्र सगळ्यांनी पाळावी. कोणतीही केबल लावताना किंवा काढताना टीव्ही आणि ते उपकरण दोन्ही भिंतीवरच्या स्विचवरून बंद करा. दोन पिनांच्या प्लगवर चालणाऱ्या उपकरणांच्या बॉडीवर किंचित विद्युतदाब राहतो. मागच्या धातूच्या भागाला हात लागला की झिणझिण्या येतात त्या त्यामुळेच. चालू अवस्थेत केबल खोचली तर हाच दाब एचडीएमआय पोर्ट (चित्र आणि आवाज दोन्ही नेणाऱ्या केबलची खाच) जाळू शकतो आणि मग दुरुस्तीत बहुधा अख्खा बोर्ड बदलावा लागतो.

प्रश्न : सेट टॉप बॉक्स एचडीएमआय केबलने जोडला आहे. बॉक्सचा दिवा लागतो, पण टीव्हीवर ‘सिग्नल नाही’ एवढंच येतं. टीव्ही बिघडला असेल का?

बहुतेक वेळा टीव्ही ठणठणीत असतो. हा संदेश नेमका कोण देतंय, ते आधी ओळखा. पडद्यावर बॉक्सचा मेनू, त्याच्या कंपनीचं चिन्ह किंवा एरर क्रमांक दिसत असेल तर एचडीएमआय केबल आणि सोर्स (टीव्हीवर निवडलेलं पोर्ट) दोन्ही बरोबर आहेत. दोष डिशकडून बॉक्सकडे येणाऱ्या वायरीत किंवा डिशमध्ये शोधा. पडदा नुसता काळा किंवा निळा असेल आणि संदेश टीव्हीच्या स्वतःच्या अक्षरात असेल, तर टीव्हीपर्यंत काहीच पोचत नाही.

या दुसऱ्या प्रकारात मागे जाऊन केबल ज्या पोर्टमध्ये आहे त्याच्या शेजारचा आकडा वाचा. रिमोटवर सोर्स किंवा इनपुटचं बटण दाबून तोच आकडा निवडा. केबल दोनमध्ये आणि टीव्ही एकवर, ही चूक सगळ्यांत जास्त आढळते.

आकडा बरोबर असूनही चित्र नसेल तर कारण असं असतं. एचडीएमआयच्या प्लगमध्ये १९ पिना असतात. त्यांतल्या एका पिनेवरून बॉक्सला कळतं की समोर टीव्ही आहे. आणखी दोन पिनांवरून तो टीव्हीला कोणतं रिझोल्यूशन चालतं त्याची यादी वाचतो. ही देवाणघेवाण अर्धवट झाली की बॉक्स चित्र पाठवतच नाही. म्हणून दोन्ही उपकरणं भिंतीवरच्या स्विचवरून बंद करा, केबल दोन्ही टोकांनी काढा, मिनिटभर थांबा आणि पुन्हा घट्ट बसवा. आधी टीव्ही चालू करून सोर्स निवडा, मग बॉक्स चालू करा. तरीही जमलं नाही तर दुसरं पोर्ट, आणि शेवटी दुसरी केबल. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर दोष कुठे होता ते कळणारच नाही.

भिंतीवर टांगलेल्या टीव्हीत आणखी एक अडचण येते. भिंत जवळ असल्याने प्लग वाकतो आणि पोर्ट हळूहळू सैल होतं. तिथे काटकोनी कनेक्टर लावा. त्याचे दोन प्रकार मिळतात, एक वर वळणारा आणि एक खाली वळणारा. पोर्टची रुंद बाजू कोणत्या दिशेला आहे ते पाहूनच घ्या.

प्रश्न : जुन्या डीव्हीडी प्लेअरला पिवळी, पांढरी, लाल अशा तीन पिना आहेत. नव्या टीव्हीला तशी भोकंच नाहीत. काय करावं?

आधी टीव्हीच्या मागे ‘एव्ही इन’ असं लिहिलेलं हेडफोनसारखं गोल, ३.५ मिमीचं भोक आहे का ते पाहा. असेल तर एका टोकाला ३.५ मिमी जॅक आणि दुसऱ्या टोकाला तीन सॉकेट असलेली छोटी केबल लागते. ती टीव्हीबरोबरच्या खोक्यात असू शकते, तिथे आधी शोधा. बाहेरून घ्यायची तर जपून घ्या. या जॅकवर चार कड्या असतात आणि कोणत्या कडीवर चित्र, कोणत्या कडीवर आवाज, हे सगळ्या केबलींत सारखं नसतं. चित्राऐवजी घरघर ऐकू आली किंवा पडदा काळा राहिला तर पिवळी पिन लाल सॉकेटमध्ये, मग पांढऱ्यात लावून पाहा. कधी कधी एवढ्यानेच काम होतं. आवाजाची कडी ग्राउंडच्या (चित्र-आवाजाच्या समाईक जोडणीच्या) जागी आली असेल तर मात्र केबल बदलावीच लागते.

काही टीव्हींत एव्हीचं पिवळं आणि ‘कॉम्पोनंट’ या वेगळ्या जोडणीचं हिरवं एकाच सॉकेटवर असतं. तिथे पिवळी पिन लावून सोर्समध्ये ‘कॉम्पोनंट’ निवडलं तर चित्र कृष्णधवल दिसतं. ‘एव्ही’ निवडा, रंग परत येतील.

असं कुठलंच सॉकेट नसेल तर कन्व्हर्टर लागेल, आणि इथे दिशा महत्त्वाची. तुम्हाला ‘एव्ही टू एचडीएमआय’ हवा. ‘एचडीएमआय टू एव्ही’ हा उलट्या कामाचा असतो आणि दोन्ही डबे दिसायला एकसारखेच. कन्व्हर्टरला ५ व्होल्टचा पुरवठा यूएसबीतून द्यावा लागतो. नुसती एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला तीन पिना असलेली केबल चालणार नाही, कारण तिच्यात सिग्नल बदलणारं सर्किटच नसतं. चित्र मात्र डीव्हीडीच्याच दर्जाचं राहील. चेहरे आडवे पसरलेले दिसत असतील तर चित्राचा आकार ४:३ ठेवा.

प्रश्न : साऊंडबार एचडीएमआयने जोडला. टीव्हीचा आवाज टीव्हीतूनच येतो, साऊंडबार गप्प.

साऊंडबारची केबल टीव्हीच्या वाटेल त्या एचडीएमआय पोर्टमध्ये लावून चालत नाही. नेहमीच्या पोर्टांतून आवाज टीव्हीकडे येतो, बाहेर जात नाही. उलटा प्रवास फक्त ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ असं लिहिलेल्या पोर्टमधून होतो आणि असं पोर्ट बहुधा एकच असतं. साऊंडबारच्या बाजूलाही केबल त्याच्या ‘एचडीएमआय आउट’ किंवा ‘एआरसी’मध्ये हवी, ‘इन’मध्ये नको.

मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी (एचडीएमआयवरून उपकरणांनी एकमेकांना आज्ञा देण्याची सोय) चालू करा. हे नाव मेनूत सहसा नसतं. सॅमसंगमध्ये त्याला एनीनेट प्लस, एलजीत सिमप्लिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक, तर फिलिप्समध्ये ईझीलिंक म्हणतात. त्यानंतर साऊंड आउटपुटमध्ये टीव्ही स्पीकरऐवजी एआरसी किंवा रिसीव्हर निवडा.

इतकं करूनही शांतताच असेल, किंवा काही कार्यक्रमांना आवाज येतो आणि काहींना येत नाही असं होत असेल, तर डिजिटल आउटपुटचा फॉरमॅट ‘पीसीएम’ (आवाजाचा साधा, न आवळलेला प्रकार) करून पाहा. डॉल्बी किंवा डीटीएस पद्धतीने आवळलेला आवाज उलगडता न येणारा साऊंडबार गप्प बसतो. पीसीएम सगळ्यांना कळतं. पीसीएमवर ठेवल्यास एआरसीतून आवाजाचे डावा-उजवा असे दोनच चॅनेल मिळतात, म्हणून साऊंडबार डॉल्बी जाणणारा असेल तर ‘ऑटो’ किंवा ‘बिटस्ट्रीम’ अधिक चांगलं. ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात असं झालं तर ‘ऑडिओ डिले’ आधी शून्यावर आणा. शब्दच आधी येत असतील तर तो थोडा थोडा वाढवत न्या.

टीव्हीला एआरसीच नसेल तर ऑप्टिकल केबल वापरा. तिच्या दोन्ही टोकांना बारीक पारदर्शक टोप्या असतात, त्या काढल्याशिवाय ती बसत नाही. टीव्ही चालू असताना केबलच्या मोकळ्या टोकाला लाल उजेड दिसला की आवाज बाहेर येतोय असं समजा. ऑप्टिकलवर आवाज कमीजास्त करायला सहसा साऊंडबारचाच रिमोट लागतो.

प्रश्न : पेनड्राइव्हवर मोठा चित्रपट कॉपी होत नाही, आणि पोर्टेबल हार्ड डिस्क टीव्हीला दिसत नाही.

पेनड्राइव्ह बहुधा एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असणार. त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी बसत नाही, मग जागा कितीही रिकामी असो. तो एक्सएफएटी किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा, पण टीव्हीला यांतलं कोणतं चालतं ते माहितीपुस्तिकेत पाहून. फॉरमॅट केल्यावर आतलं सगळं पुसलं जातं, आधी कॉपी काढून ठेवा.

हार्ड डिस्कचा प्रश्न बहुधा विजेचा असतो. साध्या यूएसबी २.० पोर्टमधून ५०० मिलीअँपिअर मिळतात आणि फिरती डिस्क सुरू होताना त्याहून जास्त मागते. दिवा लागतो, टिक टिक आवाज येतो, पुन्हा बंद पडते, ही त्याचीच खूण. टीव्हीला निळं किंवा ‘एचडीडी’ लिहिलेलं यूएसबी पोर्ट असेल तर ते वापरा. नसेल तर स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब मध्ये घाला.

सर्वांत जपायचं ते पुढेच. टीव्हीवर कार्यक्रम रेकॉर्ड करण्याची सोय सुरू करताना टीव्ही ‘डिव्हाइस फॉरमॅट करायचं का?’ असं विचारतो. घरचे फोटो असलेली डिस्क लावून तिथे ‘हो’ म्हटलं की फोटो गेले. रेकॉर्डिंगसाठी वेगळी, रिकामी डिस्कच ठेवा.

मराठी सबटायटल्सच्या जागी चौकटी किंवा अगम्य चिन्हं दिसत असतील तर सबटायटल्सची एसआरटी फाइल संगणकावर नोटपॅडमध्ये उघडून ‘सेव्ह अ‍ॅज’मध्ये एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडून साठवा. फाइलचं नाव चित्रपटाच्या नावाशी तंतोतंत जुळायला हवं. तरीही चौकटीच दिसल्या तर त्या टीव्हीत देवनागरी फाँट नाही.

प्रश्न : लॅपटॉप जोडल्यावर पडद्याच्या कडा कापल्या जातात आणि अक्षरं फुटल्यासारखी दिसतात.

टीव्ही चित्र थोडं मोठं करून कडा बाहेर ढकलतो. काचेच्या पिक्चर ट्यूबच्या काळात कडांवरची गडबड झाकायला ही सोय होती, ती अजून टिकून आहे. पिक्चर साइजमध्ये ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘फुल पिक्सेल’ निवडा. मग सोर्सच्या यादीत त्या पोर्टला ‘पीसी’ असं नाव द्या. बऱ्याच टीव्हींत एवढ्याने अक्षरांच्या रंगीत कडा स्वच्छ होतात. शार्पनेसही खाली आणा.

विंडोज लॅपटॉपवर विंडोजची कळ आणि पी एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ किंवा ‘एक्स्टेंड’ निवडता येतं. आवाज लॅपटॉपमधूनच येत राहिला तर खालच्या पट्टीतल्या स्पीकरच्या चिन्हावरून आउटपुट म्हणून टीव्ही निवडा.

फोरके टीव्हीवर माउसचा बाण अडखळत हलत असेल तर चित्र सेकंदाला ६० ऐवजी ३० वेळाच बदलतंय. ६० साठी लॅपटॉप, केबल आणि पोर्ट तिन्ही सेकंदाला १८ गिगाबिट झेपणारे हवेत, शिवाय टीव्हीत त्या पोर्टसाठी ‘इनपुट सिग्नल प्लस’, ‘एन्हान्स्ड फॉरमॅट’ किंवा ‘डीप कलर’ चालू करावं लागतं.

प्रश्न : मोबाइलला टाइप सी टू एचडीएमआय केबल लावली, काहीच दिसत नाही.

सगळ्या फोनच्या टाइप सी पोर्टमधून चित्र बाहेर येत नाही. फोनच्या माहितीत ‘डिस्प्लेपोर्ट’ किंवा ‘व्हिडिओ आउट’ असा उल्लेख नसेल तर कितीही महागडी केबल घेतली तरी उपयोग नाही. वायफायवरून स्क्रीन कास्ट करा.

प्रश्न : रिमोट बंद पडला की टीव्ही, हे कसं ओळखावं? आणि रिमोटशिवाय टीव्ही चालतो का?

मोबाइलचा सेल्फी कॅमेरा चालू करून रिमोटचं टोक त्याच्यासमोर धरा आणि आवाजाचं बटण दाबा. पडद्यावर जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकला तर रिमोट किरण सोडतोय. मागचा कॅमेरा नको, त्यावर हे किरण अडवणारी काच असू शकते. ब्लूटूथवर चालणाऱ्या रिमोटला ही परीक्षा लागू नाही. ठिपका दिसला नाही तर सेल काढा, पॉवरचं बटण पंधरा सेकंद दाबून धरा, स्प्रिंगवरची पांढरी भुकटी कोरड्या कापडाने पुसा आणि दोन्ही सेल एकाच वेळी नवे घाला.

रिमोटशिवाय काम चालवायला टीव्हीच्या खालच्या कडेला मध्यभागी किंवा मागे उजव्या-डाव्या कोपऱ्यात बोटांनी चाचपा. अनेक टीव्हींना तिथे एकच बटण असतं. सुरू करायला एकदा दाबा. चालू टीव्हीवर दाबल्यास छोटा मेनू येतो. बहुधा थोडा वेळ दाबल्यास निवड पुढे सरकते आणि दाबून धरल्यास ती पक्की होते. सोर्स आणि आवाज एवढं तिथून बहुधा बदलता येतं.

प्रश्न : चित्र मंद करून ठेवलं तरी थोड्या वेळाने आपोआप भडक होतं.

टीव्ही बहुधा ‘शॉप’, ‘स्टोअर’ किंवा ‘रिटेल’ मोडमध्ये राहिला आहे. दुकानात लक्ष वेधून घेण्यासाठीची ही सोय ठरावीक वेळाने चित्र पुन्हा पूर्ववत करते. जनरल किंवा सिस्टिमच्या सेटिंगमध्ये ‘होम’ निवडा. बदल केल्यावर चित्राची मांडणी प्रत्येक सोर्सवर वेगळी तपासा, कारण एचडीएमआय एकवर केलेला बदल अनेक टीव्ही दोनला लागू करत नाहीत.