पुस्तकं धुऊन घरात घेतेस का?

"मावशी, सलाम. आम्ही मूळचे नगरचे, आता पुण्यात. सासूबाई आमच्याजवळ असतात. मुलगी नववीत आहे. मैत्रिणीकडून तिने जादूच्या शाळेचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं. प्रार्थनासभेतल्या भगिनी म्हणाल्या, असलं काही घरात ठेवू नये, म्हणून मी ते कपाटात कुलूप लावून ठेवलं. तिची कोरियन गाणीही बंद केली. तेव्हापासून ती कामापुरतं बोलते. उपासनेला येते, पण गीत सुरू झालं की ओठ मिटून उभी राहते. ख्रिस्ती घराला शोभतील अशी पुस्तकं, सिनेमे, गाणी यांची यादी द्याल का?"

सलाम गं.

यादी देते, पण आधी कुलूप काढ. ते पुस्तक तुझंही नाही आणि तिचंही नाही, उसनं आणलेलं आहे. ती मैत्रीण रोज विचारत असणार, "आणलंस का?" आणि तुझी लेक रोज काहीतरी थाप मारत असणार. पुस्तक वाचून बिघडली नसती, पण खोटं बोलायला मात्र तूच शिकवलंस. आज रात्री पुस्तक तिच्या हातात दे आणि "चुकलं माझं" एवढंच म्हण. पुढे "पण" जोडू नकोस.

आता जादूचं. शौल राजा वेष पालटून एन-दोरच्या भुताळणीकडे जातो, ती गोष्ट पवित्र शास्त्रातच आहे, १ शमुवेल २८. संडे स्कूलमध्ये आम्ही ती अंग चोरून ऐकायचो, आणि ऐकून आमच्यातली एकही भुताळीण झाली नाही. तुझ्या सभेतल्या भगिनी सी. एस. लुईसची नार्नियाची सात पुस्तकं मात्र आनंदाने सुचवतील, कारण लेखक ख्रिस्ती. त्यातही चेटकीण आहे बरं का, चांगली बर्फासारखी पांढरी! तीही पुस्तकं जरूर आण. तुझ्या मुलीला आवडतील, कारण मुळात तिला जादूच आवडते.

पण माझ्या यादीत पहिला नंबर लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'चा. घरात असेलच, सासूबाईंना विचार. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं सोवळं आठवतं का? बाजारातून आलेली जिन्नस धुतल्याशिवाय घरात घ्यायचे नाहीत. पोरं, बायको, सगळं घर त्या पाण्यापायी हैराण. तुझं पत्र वाचताना मला तेच आठवलं. आपण सोवळं सोडून चार पिढ्या झाल्या म्हणतो, आणि पुस्तकं मात्र धुऊन घरात घेतो.

त्यात धर्मोपदेश शोधू नकोस. नवऱ्याने, म्हणजे कवी ना. वा. टिळकांनी, १८९५ साली बाप्तिस्मा घेतला म्हणून उन्मळून पडलेली बाई आहे ती. पाच वर्षांनी स्वतःही घेतला, पण कुणी ढकललं म्हणून नाही, स्वतःला पटलं तेव्हा. तेही तिने हसत, नवऱ्याचा विसरभोळेपणा आणि उधळा हात यांची टिंगल करत सांगितलं आहे. मुलीला 'वाच' म्हणून हातात देऊ नकोस. जेवणं झाली की सासूबाईंना मोठ्याने चार पानं वाचायला सांग. ती आतल्या खोलीत असली तरी दार उघडं राहू दे. विजया मेहतांनी यावर केलेला चित्रपटही आहे, त्यात सुहास जोशी लक्ष्मीबाई झाल्या आहेत. तो पुस्तकानंतर.

सिनेमा एकच सांगते, 'बॅबेट्स फीस्ट', डॅनिश, १९८७चा. समुद्रकाठचं गाव, कडक प्रॉटेस्टंट मंडळी, सुक्या माशावर आणि पावाच्या लापशीवर जगणारी. पॅरिसहून पळून आलेली त्यांची स्वयंपाकीण लॉटरीत दहा हजार फ्रँक जिंकते आणि ते सगळे एका जेवणावर उडवायला निघते. स्वयंपाकघरात जिवंत कासव येऊन पडतं. ते बघून घरमालकीण हबकते, रात्री तिला वाईट स्वप्नं पडतात. मंडळी आपसात ठरवतात, जेवायचं, पण चवीबद्दल अवाक्षर काढायचं नाही. पुढे ताटावर काय होतं ते मी सांगत नाही. सुरुवातीला फार संथ आहे, मुलगी फोन काढेल. काढू दे. तू मात्र त्या कासवाकडे नीट बघ.

आमच्या लहानपणी दुःखसप्ताहात चर्चच्या आवारात चादर ताणून 'दयासागर' दाखवायचे. मूळ तेलुगू सिनेमा, १९७८चा. अजून मिळाला तर सासूबाईंसाठी लाव. खिळे आणि फटके अर्धा-अर्धा तास दाखवणारे सिनेमे नववीच्या मुलीला नकोत. भक्ती वाढत नाही, पोटात ढवळतं फक्त.

गाण्यांचं म्हणशील तर ना. वा. टिळकांची भजनं तिला येतात, ती सध्या फक्त म्हणत नाही. म्हणून तिला 'गा' म्हणू नकोस. त्यांचे अभंग तुकोबांच्या वळणाचे आहेत, ते सासूबाईंच्या तोंडून पेटीवर कानावर पडले की झालं. आणि एखाद्या रविवारी दुपारी हँडेल या संगीतकाराचा 'मसीहा' लाव, शास्त्रवचनांना चाली लावून केलेली मोठी गायनरचना आहे ती. १७४२ साली डब्लिनला पहिला प्रयोग झाला तेव्हा गर्दी मावावी म्हणून बायकांना घेरदार सांगाड्यांचे झगे आणि पुरुषांना तलवारी घरी ठेवून यायला सांगितलं होतं. जमलेल्या पैशातून कर्जापायी तुरुंगात पडलेले १४२ जण सुटले. पुढच्या वर्षी लंडनमध्ये लोकांनी नाकं मुरडली, शास्त्रवचनं कुठे नाटकगृहात गातात का म्हणून. आज ते नाताळात चर्चमध्ये गातात. कोरियन गाण्यांचं असं होईल असं मी म्हणत नाही, घाबरू नकोस! पण तिला सांग, तुझं सगळ्यात आवडतं एक गाणं मला ऐकव. पूर्ण ऐक. मध्येच "यातलं एक अक्षर तरी कळतं का गं तुला" असं विचारू नकोस. मी माझ्या पुतणीला विचारलं होतं. तिने मला ओळीन् ओळीचा अर्थ सांगितला आणि पंधरा मिनिटं माझी सुटका नव्हती.

आणि हो, ते जाडजूड पुस्तक लगेच परत जाऊ देऊ नकोस. मैत्रिणीकडून आठवडाभराची मुदत मागून घ्यायला लेकीला सांग. म्हणावं, आईला वाचायचंय.

– मावशी