माप चुकलं की औषध फुकट

पोरी,

कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात, आपल्या कणकुंबी-जांबोटी पट्ट्यात आशा म्हणून तुझा हा पहिला पावसाळा. पाणी उकळून प्यावं, जुलाबाला ओआरएस द्यावं, साप चावला तर दवाखाना गाठावा, हे आता घरोघरी ठाऊक आहे. चूक होते ती मापात. म्हणून पिशवीत एक लिटरची रिकामी बाटली, पाच मिलीचं मापाचं झाकण आणि टेप ठेव.

आधी विहीर. पाणी शुद्ध करायची ब्लिचिंग पावडर किती टाकली म्हणून विचारलंस, तर पंचायतीचा वॉटरमन ‘दोन मुठी’ म्हणेल. त्याच्याशी वाद नको, विहीर मोज. दोरीला दगड बांधून पाण्याची खोली घे, काठावरून रुंदी घे, दोन्ही मीटरमध्ये. रुंदी गुणिले रुंदी गुणिले खोली गुणिले 0.785 केलं की घनमीटर निघतात, आणि दर घनमीटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर लागते. 3 मीटर रुंद विहिरीत 4 मीटर पाणी असेल तर साधारण 70 ग्रॅम. जूनचं माप ऑगस्टला चालत नाही, कारण तोवर पाणी वर चढलेलं असतं.

पावडर कधीही थेट विहिरीत टाकू देऊ नकोस. बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, मग पाऊण बादली पाणी घालून दहा मिनिटं निवळू द्यायची. वरचं पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती पाण्याखाली सोडायची आणि दोरीनं वरखाली हिसडायची. तळाचा चुना विहिरीत गेला की पाणी जड होतं. तासभर कुणी पाणी शेंदायचं नाही. मग क्लोरोस्कोपनं, म्हणजे पाण्यातला क्लोरीन रंगावरून दाखवणाऱ्या पेटीनं, तपास: पिवळी झाक आलीच नाही तर क्लोरीन गढूळपणातच खर्ची पडला, पुन्हा टाकावी लागेल. किंवा पावडरच मेलेली. गठ्ठे झालेल्या, नाकाला न झोंबणाऱ्या पावडरीत काही उरलेलं नसतं. आपल्याकडच्या दमट हवेत उघडं पोतं असंच जातं.

घरात पाणी उकळताना खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरे. दहा मिनिटं सांगितलंस तर लाकूडफाटा जपणारी बाई उकळणंच सोडून देईल.

ओआरएसच्या पुडीवर काय लिहिलंय ते वाच. मोठी पुडी एक लिटरची, लहान 200 मिलीची. घरचा तांब्या लिटरचा नसतो. कमी पाण्यात कालवलं की मीठ जास्त होतं आणि पोराचं पोट आणखी बिघडतं. अर्धी पुडी अंदाजानं घालणंही तसंच. दोन वर्षांखालच्या पोराला दर जुलाबानंतर 50 ते 100 मिली, चमच्याचमच्यानं. ओकला तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू. 24 तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. झिंकच्या गोळीला मात्र आया कंटाळतात: जुलाब थांबला की गोळी बंद. ती 14 दिवस द्यायची असते, सहा महिन्यांवरच्या पोराला रोज 20 मिलिग्रॅम. आईबाळाच्या नोंदीच्या तायी कार्डावर तारीख लिहून ठेव, म्हणजे विसरणार नाहीत. (तायी म्हणजे कानडीत आई, आपल्या बायका ते ताईचं कार्ड समजतात, बिघडत काही नाही.)

तापाच्या पॅरासिटामॉलचं तसंच. एका बाटलीत पाच मिलीत 120 मिलिग्रॅम, दुसऱ्या बाटलीत 250, आणि थेंबांच्या बाटलीत एका मिलीतच 100. शेजारणीनं सांगितलेला ‘एक चमचा’ त्यामुळे धोक्याचा. बाटली हातात घेऊन वाचल्याशिवाय आणि पोराचं वजन कळल्याशिवाय माप सांगू नकोस.

आता साप. इथं माप मिनिटांचं. हातापायातली कडी, जोडवी, अंगठी सूज चढायच्या आत काढ. चावलेला अवयव फळीला सैल बांधून हलू देऊ नकोस, माणसाला चालवू नकोस. आवळून दोरी नको, काप नको, चोखणं नको. घोणस आणि फुरशाच्या विषानं तिथलं मांस आधीच खराब होतं, दोरीनं ते अख्खं जातं. साप मारून आणायची गरज नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही जातींच्या विषावर उताऱ्याची लस एकच. चावल्याची वेळ तेवढी लिहून दे.

मण्यार फसवते. रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, खूण दिसत नाही, दुखतही नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, जीभ बोबडी वळते. घरचे अपचन समजून सोडा पाजतात आणि दोन तास जातात. पावसाळ्यात अशी तक्रार आली की पहिला संशय सापाचा. मच्छरदाणी अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचली तर डास आणि मण्यार दोन्ही बाहेर राहतात.

कुठल्या दवाखान्यात लस आहे ते आजच विचारून ठेव, आणि दर महिन्याला पुन्हा विचार. 108 ला फोन लावलास की ‘हाव कडदैति’ (साप चावलाय) एवढं कानडीत आधी सांग, मग गावाचं नाव, मग गाडी कुठल्या फाट्यापर्यंत येऊ शकेल ते.

तुझी,
आक्का