‘नीतिमत्त्वाचे भुकेले’ म्हणजे नेमके कशाचे?

प्रश्न असा आहे: बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या ‘जे नीतिमत्त्वाचे भुकेले व तान्हेले ते धन्य’ (५:६) या वचनातले ‘नीतिमत्त्व’ म्हणजे आपली नेहमीची ‘नीतिमत्ता’च का? आणि रोजच्या जगण्यात त्याची भूक लागते म्हणजे काय होते?

व्याकरणाने पाहिले तर दोन्ही शब्द एकाच घरचे. ‘नीतिमत्’ला ‘त्व’ लावला की नीतिमत्त्व, ‘ता’ लावला की नीतिमत्ता. वापराने मात्र त्यांची फारकत केली. सार्वजनिक जीवनात घसरते ती नीतिमत्ता. नीतिमत्त्व हा शब्द मराठी ख्रिस्ती मंडळींनी उपासनेत आणि प्रार्थनेत जपला. ही फारकत योग्यच झाली असे मला वाटते. बायबलमधल्याच रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात मूळपुरुष अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला आणि ते त्याला नीतिमत्त्व असे गणण्यात आले, असे वाक्य आहे. तिथे ‘नीतिमत्ता’ घालून पाहा, वाक्य कोसळते. नीतिमत्ता माणूस अंगी बाणवतो. इथे देव ते माणसाच्या खात्यावर मांडतो आहे.

पण म्हणून हा शब्द देवळापुरता राहत नाही. जुन्या करारातला, म्हणजे बायबलच्या पहिल्या भागातला, यामागचा इब्री (हिब्रू) शब्द ‘त्सेदेक’ थेट बाजारात उभा आहे. त्यातल्या ‘लेवीय’ या पुस्तकात (१९:३६) खरा तराजू, खरी वजने ठेवा अशी आज्ञा आहे. त्या ‘खऱ्या’च्या जागी मुळात हाच शब्द येतो. त्याच्याच कुळातला ‘त्सेदाका’ ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात (२४:१३) भेटतो. गरिबाने पांघरूण गहाण ठेवले असेल तर सूर्यास्ताला ते त्याला परत करा, म्हणजे त्याला ते अंगावर घेऊन झोपता येईल. देवासमोर हे तुमचे नीतिमत्त्व ठरेल. मला हे उदाहरण सर्वांत मोलाचे वाटते. सावकाराचा हक्क कागदावर पक्का आहे, तरी नीतिमत्त्व त्याला त्या हक्काच्या पुढे जायला लावते. मत्तय १:१९ मधला योसेफ ‘नीतिमान’ ठरतो तोही त्याची वाग्दत्त वधू मरीया लग्नाआधीच गरोदर आहे हे कळल्यावर तिची बेअब्रू होऊ नये म्हणून धडपडताना.

आता ‘भुकेले’. मराठीत ‘भुकेला’ला षष्ठी लागते: मानाचा भुकेला, प्रेमाचा भुकेला, आणि देव भावाचा भुकेला. त्यामुळे हे वचन मराठी कानाला जराही परके वाटत नाही. ‘तान्हेले’ म्हणजे तहानलेले. तान्ह्या बाळाशी त्याचा संबंध लावू नये. ‘नीतिमत्त्वाची इच्छा असलेले’ असे सोपे रूप कुणी सुचवले तर मी नको म्हणेन. इच्छा पुढे ढकलता येते, भूक दुपारी पुन्हा लागते. आज माप खरे दिले म्हणून उद्याचे सुटत नाही. घरकाम करणाऱ्या बाईंचा पगार ठरल्या दिवशी हातात देणे, भावाच्या वाट्याची जमीन न मागता त्याच्या नावावर करणे, अशा ठिकाणी ती भूक कळते.

वचनाच्या शेवटी ‘तृप्त होतील’ असे आहे. येशूने पाच हजारांना जेवू घातल्यावर सगळे ‘जेवून तृप्त झाले’ (मत्तय १४:२०), तिथे मूळ ग्रीकमध्ये हेच क्रियापद आहे. म्हणजे वचन दिले आहे ते पोटभर जेवणाचे.

लिहिताना मात्र ‘नीतिमत्त्व’मध्ये दोन त हवेत, ‘महत्त्व’सारखे.