पक्षाघातानंतर वडील नाकातली अन्नाची नळी सारखी ओढतात, नातेवाईक म्हणतात काढून टाका. काढावी का?

नाही, गिळण्याची तपासणी होईपर्यंत काढू नका. पक्षाघाताने घशाचे स्नायूच नव्हे, तिथली संवेदनाही मंदावते. त्यामुळे पाणी श्वासनलिकेत गेले तरी अनेकांना ठसकासुद्धा लागत नाही आणि न्यूमोनिया झाल्यावरच कळते. म्हणूनच ‘चमचाभर चहा देऊन बघू’ हा प्रयोग घरी करू नये. स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी करून घ्या. बहुतेकांचे गिळणे काही आठवड्यांत सुधारते, ‘एकदा नळी लागली की सुटत नाही’ ही भीती खरी नाही. चार आठवड्यांहून जास्त काळ लागेल असे दिसले तर पोटातून नळी (पेग) बसवण्याचा विचार होतो; फार लवकर नको, कारण पक्षाघाताच्या रुग्णांवरील २००५च्या ‘फूड’ या अभ्यासात सुरुवातीच्या आठवड्यांत पेगऐवजी नाकातली नळी लावलेलेच रुग्ण पुढे जास्त बरे राहिले.

ओढणे थांबवण्यासाठी:
- नाकापाशी नळीवर पेनाने खूण करा, नाकाची आणि गालाची चिकटपट्टी रोज बदला. ती सैल झाली, नाक खाजले की हात तिकडे जातोच.
- हात बांधू नका, जाड मऊ हातमोजे घाला.
- खूण सरकली तर नळीतून काही भरवू नका, नळी स्वतः आत ढकलू नका; नर्सकडून जागा तपासून घ्या.
- भरवताना आणि नंतर तासभर डोके ३० ते ४५ अंश उंच ठेवा.

मात्र वडील शुद्धीत, समजून-उमजून नळी नको म्हणत असतील किंवा मेंदूची इजा फार मोठी असेल, तर हा प्रश्न वेगळा आहे. तो उपचार करणारे डॉक्टर आणि पॅलिएटिव्ह केअरचे (गंभीर आजारात त्रास कमी करणारे) डॉक्टर यांच्यासोबत बसून ठरवा.