होमस्टेवर पाहुण्यांच्या इलेक्ट्रिक गाडीला चार्जिंग द्यावे का?

दापोलीजवळ आपला चार खोल्यांचा होमस्टे आहे, हिरव्या पाटीच्या गाड्यांतून येणारे पाहुणे खोलीच्या खिडकीतून वायर बाहेर काढून रात्रभर गाडी चार्ज करतात, हे चालू द्यावे की बंद करावे आणि चालू दिल्यास पैसे कसे घ्यावेत, असे आपण विचारले आहे. मी रत्नागिरी जिल्ह्यात वायरिंगची कामे घेणारा परवानाधारक ठेकेदार आहे आणि अशा घरांची कामे मी नियमितपणे करतो. चार्जिंग जरूर द्यावे, परंतु खोलीतल्या सॉकेटवरून एकदाही देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

गाडीसोबत मिळणारा चार्जर १५ अँपिअरच्या पॉवर प्लगवर चालतो आणि साधारण ३.३ किलोवॉट वीज घेतो. आकडा गीझरपेक्षा फार मोठा वाटत नाही. मात्र गीझर पाणी तापले की काही मिनिटांत आपोआप बंद होतो, तर गाडी तोच प्रवाह सलग आठ-दहा तास ओढत राहते. सॉकेटच्या पाठीमागे एखादा स्क्रू किंचित सैल असेल, तर गीझरच्या वापरात तो वर्षानुवर्षे लक्षातही येत नाही. गाडी लावल्यावर मात्र तिथे उष्णता साठत जाते, प्लास्टिक पिवळे पडते, मग वितळते. त्यात एक्स्टेन्शन बोर्ड मध्ये आला आणि त्याची वायर गुंडाळलेलीच राहिली, तर धोका कितीतरी वाढतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या चार्जिंगविषयक सुरक्षा नियमांत एक्स्टेन्शन वायर आणि हलवता येणारे सॉकेट यांना मुळी परवानगीच नाही. ते नियम प्रामुख्याने चार्जिंग केंद्रांसाठी असले, तरी आपल्या अंगणातही मी तेच पाळतो.

म्हणून मुख्य वितरण पेटीतून गाडी उभी राहते त्या जागेपर्यंत स्वतंत्र लाइन ओढून घ्यावी. वायर तांब्याची, ४ चौरस मिलिमीटरची असावी; त्या लाइनला स्वतःचा एमसीबी (भार जास्त झाला की लाइन तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच लाइन तोडणारा स्विच) असावा. सॉकेट नामांकित कंपनीचे १६ अँपिअरचे, पावसापासून जपणाऱ्या बंद पेटीत आणि जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंचीवर बसवावे. गाडी त्याच्यापासून पाच मीटरच्या आत उभी करता आली पाहिजे. म्हणजे वायर वाढवण्याचा मोह पाहुण्याला होणार नाही. आपल्याकडे इन्व्हर्टर असेल, तर ही लाइन त्याच्या बाहेरच ठेवावी, कारण घरगुती इन्व्हर्टरला हा भार झेपत नाही.

आता अर्थिंगविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण कोकणात खरी अडचण इथेच येते. चार्जरची पेटी सुरू होण्याआधी अर्थिंग तपासते आणि ते नसेल किंवा कमकुवत असेल, तर लाल दिवा दाखवून थांबते. आपल्याकडची जमीन जांभ्याची. मार्च ते मे या काळात ती इतकी कोरडी पडते की पावसाळ्यात उत्तम असलेले अर्थिंग ऐन हंगामात निकामी ठरते. अशा वेळी काही जण सॉकेटमध्ये न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) आणि अर्थ वायरच्या एका तुकड्याने जोडून टाकतात, काही पाहुणे तर तसा प्लगच सोबत घेऊन येतात, आणि लाल दिवा जातो. हे कृपया कोणालाही करू देऊ नका. उद्या कुठे न्यूट्रल तुटला, तर गाडीच्या पत्र्यावर थेट २३० व्होल्ट येतात, आणि ओल्या अंगणात अनवाणी उभे असलेले मूल दार उघडायला हात लावते. त्यापेक्षा चार्जिंगसाठी वेगळा अर्थिंगचा खड्डा घ्यावा, शक्य तो विहिरीच्या किंवा बागेच्या ओलसर बाजूला, कोळसा आणि मीठ भरून, आणि उन्हाळाभर त्यात नियमित पाणी सोडावे. काम झाल्यावर ठेकेदाराकडून अर्थिंगच्या रोधाची मोजणी करून घ्यावी. आकडा पाच ओहमच्या आत आल्याशिवाय मी स्वतः काम ताब्यात देत नाही.

वीजबिलावरचा मंजूर भारही पाहून घ्यावा. मे महिन्यातल्या रात्री दोन-तीन एसी चालू असताना गाडीचे ३.३ किलोवॉट वर चढले की बहुतेक घरे ती मर्यादा ओलांडतात. तेव्हा भारवाढीचा अर्ज आधी करावा आणि एका वेळी एकच गाडी लावण्याचा नियम ठेवावा.

पैशांच्या बाबतीत रात्रीमागे ठरावीक रक्कम आकारणे मला अन्यायाचे वाटते. एखाद्या लहान टियागोची बॅटरी १९.२ युनिटांची असते, तर काही मोठ्या गाड्यांची ७९ युनिटांची किंवा त्याहूनही मोठी असते. ३०.२ युनिटांची जुनी नेक्सॉन रिकामी आली, तर चार्जिंगमधली घट धरून आपल्या मीटरवर ३३-३४ युनिटे पडतात, म्हणजे घरगुती दराच्या पहिल्या १०० युनिटांच्या टप्प्याचा तिसरा हिस्सा एका रात्रीत. त्यामुळे त्या लाइनवर सब-मीटर बसवून युनिटाप्रमाणे पैसे घ्यावेत. दर काढताना बिलाची सरासरी न धरता, हंगामात आपले बिल ज्या वरच्या टप्प्याला पोहोचते त्याचा दर घ्यावा आणि त्यात वहन आकार, इंधन समायोजन आकार व वीज शुल्क मिळवावे. कारण पाहुण्याची युनिटे आपल्या वापराच्या वर जाऊन बसतात. त्यावर देखभालीसाठी थोडी रक्कम घेण्यात काही गैर नाही.

वीज विकल्याबद्दल परवाना लागेल, ही भीती बाळगू नये. चार्जिंग ही सेवा असून त्यासाठी वीज कायद्याखालील परवाना लागत नाही, असे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच स्पष्ट केले आहे. मात्र महावितरणच्या दरपत्रकात चार्जिंग केंद्रांसाठी वेगळा वर्ग आहे. आपला वापर कोणत्या वर्गात धरला जाईल, हे उपविभागीय कार्यालयाला लेखी विचारून ठेवावे.

सरसकट बंदी घालू नये, असे मी म्हणतो ते पाहुण्याच्या परतीच्या वाटेमुळे. पुण्याहून ताम्हिणी उतरताना गाडी थोडी वीज परत मिळवते. जाताना तोच घाट चढायचा असतो आणि बॅटरी झपाट्याने उतरते. सकाळी पूर्ण भरलेली गाडी ही त्या कुटुंबाची खरी गरज आहे, आणि आपण ती नाकारली तर ते रात्री गुपचूप खिडकीतून वायर काढणारच. म्हणून बुकिंग घेतानाच गाडी इलेक्ट्रिक आहे का ते विचारावे, युनिटाचा दर आणि चार्जिंगची जागा लिहून कळवावी, आणि खोलीतल्या सॉकेटवर चार्जिंगला मनाई असल्याचे त्याच संदेशात सांगावे.