आधी बिजागरी बघा, मग प्रोसेसर

घरासाठी कोणता लॅपटॉप घ्यावा असं विचारताना तुम्ही दिलेले तीन पर्याय असे आहेत. पहिला नवा आणि पातळ: प्रोसेसर रायझन ५ ७५२०यू, ८ जीबी रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी). दुसरा नवा पण जरा जाडसर: कोअर आय३-१२१५यू, ८ जीबी रॅम, रॅमचा एक स्लॉट (खाच) रिकामा, ५१२ जीबी एसएसडी (फाइली साठवायची वेगवान डिस्क). तिसरा रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला, तपासून-दुरुस्त करून पुन्हा विकलेला: डेल लॅटिट्यूड ५४२०, अकराव्या पिढीचा कोअर आय५, १६ जीबी रॅम. काम रोजचंच: कागदपत्रं, इमेल, ब्राउझरमध्ये दहा-पंधरा टॅब, व्हिडिओ कॉल, मुलीचा अभ्यास. निदान पाच वर्षं चालावा अशी अपेक्षा. आणि तुमचा मुख्य प्रश्न, कोणती कंपनी भरवशाची?

भरवसा कंपनीवरून ठरत नाही, श्रेणीवरून ठरतो. एकच कंपनी घरगुती ग्राहकांसाठी स्वस्त श्रेणी काढते आणि कार्यालयांसाठी वेगळी. डेलची लॅटिट्यूड (२०२५ पासून नाव ‘डेल प्रो’), एचपीची एलिटबुक आणि लेनोवोची थिंकपॅड टी या कार्यालयीन श्रेणी. झाकणावर नाव तेच असलं तरी आतला सांगाडा, बिजागऱ्या आणि दुरुस्तीची सोय यांत पुष्कळ फरक असतो. म्हणून ‘अमुक कंपनी चांगली’ हे ऐकून लॅपटॉप घेऊ नका, नेमकं मॉडेल बघा.

मी बरीच वर्षं घरातले, नातेवाइकांचे आणि मित्रांचे लॅपटॉप उघडून दुरुस्त करतोय. माझ्याकडे येतात ते तुटलेल्या बिजागरीचे, सैल झालेल्या चार्जिंग पिनेचे, फुगलेल्या बॅटरीचे, पाणी सांडलेल्या कीबोर्डचे आणि ‘फार हळू चालतो’ म्हणून वैतागून आणलेले. प्रोसेसर जळाला म्हणून आलेला एकही मला आठवत नाही. तरीही विकत घेताना आपण सगळ्यात जास्त वेळ प्रोसेसरवरच घालवतो, आणि नेमकं तिथेच चुकतं.

बिजागरीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण स्वस्त लॅपटॉपचा जीव बहुतेकदा तिथेच जातो. बिजागरी लोखंडी असते, पण ती ज्यात बसवलेली असते ते बहुधा प्लास्टिक असतं. प्लास्टिकच्या छोट्या खुंट्यांमध्ये पितळी नट गरम करून रोवतात आणि स्क्रू त्या नटांत आवळतात. झाकण उघडताना आणि मिटताना सगळा पीळ त्या खुंट्यांवर येतो. काही वर्षांत बिजागरीतलं ग्रीस सुकतं, ती घट्ट होते, पीळ वाढतो आणि एके दिवशी नट खुंटीतून उपटून बाहेर येतो. कोपऱ्यात बॉडी फुगल्यासारखी दिसायला लागते. त्या अवस्थेत झाकण उघडत-मिटत राहिलात तर स्क्रीनची केबल तुटते, कधी स्क्रीनलाच तडा जातो.

माझ्या स्वतःच्या एका लॅपटॉपचं हेच झालं, वॉरंटी संपून दोनच महिने झाले होते. सर्व्हिस सेंटरने सांगितलं की खालची-वरची अख्खी बॉडी बदलावी लागेल, आणि खर्च ऐकून मी परत आलो. घरी इपॉक्सीने (घट्ट धरणाऱ्या गोंदाने) नट पुन्हा बसवले, ते सात-आठ महिने टिकले. आतला प्रोसेसर, रॅम, एसएसडी, सगळं ठणठणीत होतं. तेव्हापासून मी लॅपटॉप हातात घेतला की आधी झाकण उघडतो.

तुम्हीही असंच करा. झाकण एका कोपऱ्यात धरून सावकाश उघडा. स्क्रीन पिळली जाते का, करकर ऐकू येते का, बिजागरीजवळचं प्लास्टिक उचललं जातं का, ते बघा. मग कीबोर्डच्या मधोमध बोटाने दाबा. थोडं दबणं चालेल, डबा वाजल्यासारखा आवाज आला तर पुढच्या मॉडेलकडे वळा. रोज वापरताना मात्र झाकण नेहमी मधोमध धरूनच उघडायचं, ही सवय मुलीलाही लावा. जाहिरातीत एमआयएल-एसटीडी-८१० लिहिलेलं असेल तर त्यावर फार विसंबू नका. त्या लष्करी मानकात अनेक चाचण्या आहेत, त्यांतल्या कोणत्या करायच्या हे कंपनी स्वतः निवडते.

आता मुख्य हिशेब. लॅपटॉपमधल्या गोष्टींचे दोन गट पाडा: नंतर बदलता येणाऱ्या आणि न येणाऱ्या. प्रोसेसर आणि मुख्य बोर्डावर सोल्डर केलेली (पक्की जोडलेली) रॅम पुढे बदलता येत नाही, बॉडी बदलणं परवडत नाही, तेव्हा पैसे तिथे घाला. एसएसडी, स्लॉटमधली रॅम, बॅटरी पुढे बदलता येते, तिथे आज थोडी काटकसर चालेल. स्क्रीनही बदलता येते खरी, पण परवडत नाही, म्हणून ती मी न बदलता येणाऱ्या गटातच धरतो.

रॅमचं गणित सांगतो. विंडोज ११ सुरू झालं की काहीही न उघडताच साधारण ३ ते ४ जीबी व्यापली जाते. स्वस्त लॅपटॉपमध्ये ग्राफिक्ससाठी वेगळी मेमरी नसते, तोही वाटा याच रॅममधून जातो. उरलेल्या जागेत ब्राउझर आणि व्हिडिओ कॉल एकत्र आले की ८ जीबी आजच काठावर असतात, पाचव्या वर्षी पुरणार नाहीत. म्हणजे ८ जीबी चालतील, पण स्लॉट असेल तरच. सोल्डर केलेले ८ जीबी आणि स्लॉट नाही, असा लॅपटॉप पाच वर्षांसाठी घेऊ नका. एकाऐवजी दोन रॅम लावल्या की ग्राफिक्सही सुधारतं, कारण मेमरीचे दोन मार्ग एकदम वापरता येतात. इंटेलच्या अकराव्या-बाराव्या पिढीतल्या अनेक आय५ लॅपटॉपवर एकच रॅम असेल तर ग्राफिक्सचं नाव ‘यूएचडी’ (कमी ताकदीचं) दिसतं, दुसरी लावली की तेच ‘आयरिस एक्सई’ होतं.

एसएसडीवर जास्त लिहीत नाही. एनव्हीएमई (वेगवान प्रकारची) एसएसडी हवी, २५६ जीबी असली तरी पुरे, नंतर मोठी टाकता येते. ईएमएमसी लिहिलेलं दिसलं तर तो लॅपटॉप सोडा. ते स्टोअरेज बोर्डालाच सोल्डर केलेलं असतं, हळू असतं आणि लहानही. फिरत्या हार्ड डिस्कवर विंडोज ११ चालवू नका. ती डिस्क सेकंदाला फार तर शंभरेक वेगवेगळ्या जागांवरून वाचू शकते, एसएसडी हजारो. ‘फार हळू चालतो’ म्हणून आलेल्या जुन्या लॅपटॉपांपैकी बहुतेकांना मी फक्त एसएसडी टाकून परत पाठवलंय.

प्रोसेसरच्या नावात मात्र एक सापळा आहे आणि तुमचा पहिला पर्याय त्यातच अडकलाय. ‘रायझन ५’ हे नाव आणि सात हजारांतला नंबर बघून तो नवा आणि ताकदवान वाटतो. रायझन बनवणाऱ्या एएमडीच्या या मालिकेत आतली रचना कोणती ते तिसरा अंक सांगतो. ७५२०यूमध्ये तो अंक २ आहे, म्हणजे झेन २, २०१९ साली आलेली रचना, कोअर (आतले स्वतंत्र छोटे प्रोसेसर) चार. ७५३०यूमध्ये ३, म्हणजे झेन ३, कोअर सहा. नावात एका अंकाचा फरक आहे, कामात मोठा. शिवाय ७५२०यूसोबत येणारी रॅम सोल्डर केलेलीच असते. तुमच्या पहिल्या पर्यायातले ८ जीबी म्हणजे कायमचे ८ जीबी. पातळ, देखणा आणि सहज उचलता येणारा लॅपटॉप आवडतो हे मला कळतं, पण हा घेऊ नका.

इंटेलकडे आय३-१२१५यूमध्ये दोन मोठे आणि चार छोटे असे सहा कोअर आहेत, तुमच्या कामाला तो आरामात पुरतो. त्यांच्याच एन१०० या स्वस्त प्रोसेसरमध्ये चारही कोअर छोटेच. लिहिण्या-वाचण्यापुरता तो ठीक आहे, पण घरातला एकमेव लॅपटॉप म्हणून मी तो सुचवणार नाही.

स्क्रीन १९२० बाय १०८० आणि आयपीएस (कुठल्याही कोनातून रंग नीट दिसणारी) हवी. १३६६ बाय ७६८ ची टीएन (जुन्या, स्वस्त प्रकारची) स्क्रीन अजूनही काही स्वस्त मॉडेलांत विकली जाते. ती ओळखायची तर थोडं खालून बघा, रंग उलटे किंवा काळपट दिसतात. मुलगी रोज तासन्‌तास त्या पडद्याकडे बघणार आहे, इथे काटकसर नको. उजेड २५० निट्स असेल तर घरात चालतं, खिडकीपाशी बसायचं असेल तर ३०० बरे. ‘४५ टक्के एनटीएससी’ (स्क्रीन किती रंग दाखवते त्याचं माप) लिहिलेलं असेल तर रंग फिके दिसणार हे धरून चाला. अभ्यासाला त्याने अडत नाही.

चार्जिंग यूएसबी-सीने होत असेल तर मी त्याला खास महत्त्व देतो. अडॅप्टर कुठेही मिळतो, आणि गोल पिनेचं सॉकेट खराब झालं तरी लॅपटॉप बंद पडत नाही. फक्त त्या पोर्टमधून चार्जिंग होतं हे विचारून खात्री करा, काही मॉडेलांत त्यातून केवळ डेटा जातो. बॅटरीचं बघायचं तर ‘अमुक तास चालते’ यावर जाऊ नका, वॉट-अवरचा (बॅटरीत मावणाऱ्या ऊर्जेचा) आकडा बघा. लॅपटॉप सतत प्लगला लावून वापरणार असाल तर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय त्यात आहे का तेही बघा, बॅटरी त्यामुळे जास्त टिकते.

आणि एक काम घरबसल्या करा. डेल, एचपी आणि लेनोवो आपल्या बहुतेक मॉडेलांचं सर्व्हिस मॅन्युअल इंटरनेटवर मोफत ठेवतात. मॉडेलचं पूर्ण नाव टाकून ते शोधा. त्यात लॅपटॉप कसा उघडायचा याची चित्रं असतात. रॅमचा स्लॉट आहे का, बॅटरी साध्या स्क्रूंनी निघते का, चार्जिंगचं सॉकेट केबलने जोडलेलं आहे की बोर्डाला सोल्डर केलेलं, कीबोर्ड वेगळा निघतो की वरच्या बॉडीला रिव्हेट केलेला आहे, सगळं पंधरा मिनिटांत कळतं. इतकं विक्रेताही सांगू शकणार नाही.

मग दुसरा की तिसरा? लॅटिट्यूड ५४२०ची बांधणी त्या किमतीच्या कुठल्याही नव्या लॅपटॉपपेक्षा चांगली आहे. रॅमचे दोन स्लॉट आहेत, सुटे भाग मिळतात, विंडोज ११ अधिकृतपणे चालतं. मी माझ्यासाठी घेत असतो तर हाच घेतला असता. पण रिफर्बिश्ड घ्यायचा तर चार गोष्टी समोर बसून तपासा. विंडोजमधून बॅटरी रिपोर्ट काढा आणि मूळ क्षमतेच्या किती टक्के उरली ते बघा. सत्तरच्या खाली असेल तर नवी बॅटरी मागा. क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅमने एसएसडीची तब्येत बघा. बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) शिरून बघा, तिथे जुन्या मालकाचा पासवर्ड असेल तर घेऊ नका. आणि विंडोज नव्याने टाकून इंटरनेटला जोडायला सांगा. तेव्हा एखाद्या संस्थेचं लॉगिन मागितलं तर तो लॅपटॉप अजून त्या संस्थेच्या ताब्यात नोंदलेला आहे.

हे तपासायला सोबत जाणकार माणूस नसेल, किंवा लॅपटॉप बिघडल्यावर तो घेऊन हिंडायला घरात कुणाला वेळ नसेल, तर दुसरा घ्या. घरी येऊन दुरुस्त करणारी वॉरंटी मिळत असेल तर थोडे पैसे वाढवून ती तीन वर्षांची करा. आणि त्यातला रिकामा स्लॉट पहिल्याच महिन्यात भरा. आय३-१२१५यूसोबत डीडीआर४ही येते आणि डीडीआर५ही (रॅमच्या दोन पिढ्या), एकीच्या जागी दुसरी बसत नाही. आधीची रॅम कोणती आहे ते टास्क मॅनेजरमध्ये बघून इथे लिहा, कोणती घ्यायची ते मी सांगतो.