कौलावरचे साल आणि बंगल्याचे वय

प्रश्न : नाशिकच्या शरणपूर रस्त्यावर आमचा कौलारू बंगला असून तो पणजोबांनी एका इंग्रज अधिकाऱ्याकडून विकत घेतला, असे घरात सांगितले जाते. गेल्या वर्षी कौले चाळताना त्यांच्या पाठीवर ‘बासेल मिशन’ आणि ‘१८६५’ अशी अक्षरे दिसली. बंगला त्या साली बांधला असे मानावे काय?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तसे मानू नये. बासेल मिशन या स्वित्झर्लंडमधील ख्रिस्ती मिशनरी संस्थेने मंगळूर येथे कौलांचा कारखाना १८६५ साली काढला आणि स्थापनेचे तेच साल पुढेही कौलांवर उमटवले जात राहिले. त्यामुळे आपले कौल त्याआधीचे नाही, एवढेच सिद्ध होते. पुष्कळ जुन्या घरांचे वय या एका आकड्यामुळे चुकीचे सांगितले जाते, याची मला खंत वाटते. शिवाय भिंती कौलांहून जुन्या असू शकतात. मंगळुरी कौलांना ठरावीक अंतरावरच्या रिपा (लाकडी पट्ट्या) पुरतात, तर नळीच्या देशी कौलांखाली बांबूंचा दाट थर लागतो. तेव्हा वाशांवर अशा जुन्या थराच्या खुणा आहेत का, हे सुताराकडून आवर्जून तपासून घ्यावे. लोखंडी तुळई असल्यास तिच्यावरचे नावही वाचावे. ‘डॉरमन लाँग’ हे नाव आढळल्यास ती तुळई १८७५ नंतरची, कारण ती कंपनीच त्या साली स्थापन झाली. असे अवजड सामान मुंबईहून नाशिककडे आणणे सुलभ झाले ते थळ घाटातील कसारा–इगतपुरी लोहमार्ग १ जानेवारी १८६५ रोजी सुरू झाल्यावर.

खरेदीची हकीकत मात्र कागदांतच शोधावी लागेल. नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिकेबरोबर चौकशी नोंदवहीचा उतारा मागावा, कारण मोजणीच्या वेळी धारकाने मालकीचा कोणता आधार दाखवला ते बहुधा तिथेच लिहिलेले असते. त्यावरून खरेदीचे साल कळल्यास दुय्यम निबंधक कार्यालयातील त्या सालच्या सूचीत पणजोबांचे नाव पाहावे. घरात मोडी कागद असतील तर ते जाणकाराकडून वाचून घ्यावेत. त्यांत शक दिला असल्यास इसवी सन काढण्यासाठी त्यात ७८ मिळवावेत. तिथी पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतची असेल तर ७९.

दुरुस्तीत कौले बदलणार असाल, तर निरनिराळ्या छापांचे एकेक कौल जपून ठेवावे आणि ते छपराच्या कोणत्या भागातून काढले, याची नोंद त्याच दिवशी करावी.